निगेटिव्ह रिपोर्ट आणि काखेतली खपली

डेंग्यू-मलेरियाचा रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे ताप व्हायरलच, असं कुणी म्हणालं, ते काही पटलं नाही. पावसाळ्यानंतर आपल्या मध्य प्रदेशात स्क्रब टायफस हा जिवाणूंमुळे येणारा तापही निघतो. इथे इंदूरला मावशीचा ताप हटेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला हात वर करायला लावले. काखेत काळी खपली, सिगारेटचा चटका बसावा तशी! दुखत नव्हती, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच आली नाही. माइट या गोचिडीसारख्या सूक्ष्म किड्याची बारीक अळी चावते तिथे ती खपली येते (प्रत्येकाला येतेच असं नाही). डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने ताप भराभर उतरला.

स्क्रब टायफसच्या गंभीर रुग्णांवर भारतातच झालेली औषधांची चाचणी २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन (दुसरं अँटिबायोटिक) एकत्र दिल्यावर मृत्यू, रेंगाळलेली गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांपैकी काहीतरी ३३ टक्क्यांना झालं, एकेकट्या औषधाने ४७-४८ टक्क्यांना. मृत्यूंत मात्र फारसा फरक नव्हता.