अबातानची भांडी
रांती बाम या ब्रिटिश-नायजेरियन शिल्पकर्तीच्या मातीकामाबद्दल कुणीतरी विचारलंय, 'मडक्यात कसलं आलंय अध्यात्म?' म्हणून थोडी भर. ती ओल्या मातीच्या नळकांड्याला चक्क मिठी मारते. त्या दाबाने माती वाकते, दबते, तडकते, आणि ती ते तसंच भाजते.

पण पश्चिम आफ्रिकेतल्या योरूबा लोकांना मडक्यात अध्यात्म असणं नवं नाही. नायजेरियातल्या ओके-ओदानची कुंभारीण अबातान एरिनले या नदीदेवासाठी झाकणाची भांडी घडवायची. आत नदीतले गोटे आणि पाणी, झाकणावर बाईची मूर्ती. भांडं देव्हाऱ्यात ठेवायचं, शोभेच्या कपाटात नव्हे! मातीकाम तिकडे परंपरेने बायकांचंच, बहुधा आईकडून लेकीकडे गेलेलं. संग्रहालयं मात्र अशा भांड्यांखाली बिनदिक्कत 'कलाकार अज्ञात' लिहितात, ते मला खटकतं.