उफुए-ब्वान्यी: डॉक्टर, प्रमुख आणि बागायतदार, सगळं एकाच माणसाला जमलं कसं?

कॉफीबाज: आयव्हरी कोस्टचे (पश्चिम आफ्रिकेतली जुनी फ्रेंच वसाहत) पहिले अध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांच्याबद्दल वाचतोय. आधी सरकारी डॉक्टर, मग बाउले जमातीतला प्रमुख आणि वर कोको-कॉफीचा तगडा बागायतदार. आणि वेठबिगारी बंद करणारा कायदाही याच्याच नावावर, मग याच्या बागेत राबायला माणसं कुठनं यायची? काहीतरी गोम आहे का यात?

निवांत: डॉक्टर म्हणजे पूर्ण डॉक्टर नाही हां. डाकारच्या (आताच्या सेनेगलची राजधानी) मेडिकल स्कूलमधनं १९२५ ला पास झाला पण तिथे शिकलेल्यांना दर्जा सहायकाचाच, कामं सगळी करायची पण फ्रेंच डॉक्टरच्या हाताखाली. आयव्हरी कोस्टातल्या अबिजान शहरात नोकरीला असताना देशी दवाखाना-कर्मचाऱ्यांची संघटना काढली तर साहेबांनी १९२७ ला उचलून लांब गिग्लोला टाकला. पुढे बदली आबेंगुरूला, तिथे कोकोवाल्यांना भावात कसं नागवतात ते डोळ्यांनी बघितलं आणि १९३२ ला टोपणनावाने पेपरात लेख ठोकला, मथळा काय तर 'आम्हाला फार लुटलं'. सरकारी नोकरीत राहून!

आडवाटेचा: गोम प्रमुखपदात आहे. १९४० ला तो आकुए कॅन्टनचा (कॅन्टन म्हणजे काही गावांचा विभाग) प्रमुख झाला, आणि प्रमुखाकडून फ्रेंचांना काय हवं, तर कर गोळा करा नि मजूर पुरवा. म्हणजे आपलीच माणसं धरून गोऱ्याच्या बागेत पाठवायची आणि आपली कॉफी तोडायला कोणी नाही. म्हणून १९४४ ला आफ्रिकन बागायतदारांची संघटना काढली, फ्रेंच गव्हर्नर लात्रियचा पाठिंबा होता म्हणून निभावलं. मजुरी जास्त द्यायची किंवा पिकात वाटा, मग उत्तरेकडचे मोसी लोक आपणहून यायला लागले.

कॉफीबाज: म्हणजे शेवटी स्वतःच्या बागेसाठीच की सगळं 😄

आडवाटेचा: होतंच. सभासद व्हायला किमान २ हेक्टर कॉफी नाहीतर ३ हेक्टर कोको लागायचा, गरिबाची संघटना नव्हतीच ती. पण ११ एप्रिल १९४६ चा वेठबिगारी बंद करणारा कायदा फक्त बागायतदारांपुरता नव्हता, फ्रेंचांच्या सगळ्या वसाहतींना लागू झाला. ज्याला दोरी बांधून नेत होते त्याला काय फरक पडतो कोणाचा स्वार्थ होता ते?

निवांत: +१. मला तर पुढे अध्यक्ष झालेला उफुए जास्त खटकतो, १९६० पासून १९९३ ला मरेपर्यंत खुर्ची सोडली नाही. पण त्याला वेगळा धागा काढा.