सूळ, क्रूस की वधस्तंभ?

रोमन इतिहासावरचा एक लेख मराठीत करते आहे. गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, काप्युआपासून रोमपर्यंत आपियन रस्त्याच्या कडेनं सहा हजार बंडखोरांना ‘सुळावर चढवलं’, असं मी लिहिलं. मैत्रिणीनं वाचताना ते खोडलं. पण येशूलासुद्धा ‘सुळावर दिलं’ असं आपण सर्रास म्हणतोच की! मग चुकलं कुठे?

– मैत्रिणीचं बरोबर आहे, ताई. सूळ म्हणजे अणकुचीदार खुंट, तो माणसाच्या अंगात घुसतो. सुळा दात घ्या, सुळका घ्या, टोक आलंच. क्रुसाला कुठलं टोक? तिथे हात आडव्या लाकडावर ताणून खिळे ठोकायचे किंवा दोरानं बांधायचं. जीव जायला कधीकधी दिवसही लागत. युरोपातला खरा सूळ वालाखियाच्या (आजच्या रुमानियातला प्रदेश) राजाचा, व्लादचा. त्याचं ‘त्सेपेश’ हे टोपणनावच रुमानियन भाषेतल्या ‘सूळ’ या अर्थाच्या शब्दावरून पडलं. १४६२ साली चालून आलेल्या तुर्कांच्या सुलतान दुसऱ्या मेहमेदला तिर्गोविश्तेजवळ सुळांचं रानच दिसलं, असं तेव्हाचे बखरकार सांगतात.

– थोडं थांबा. खुद्द रोमनांकडेच ही सरमिसळ होती. रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की क्रूस एका तऱ्हेचे नसतात: कुणाला उलटं टांगतात, कुणाच्या गुह्यांगातून खुंट घालतात, कुणाचे हात फाकवतात. म्हणजे त्यांच्या ‘क्रुक्स’मध्ये (क्रुसाला लॅटिन शब्द) आपला सूळही बसतो! क्रुसाला ग्रीक शब्द ‘स्टाउरोस’, त्याचा मूळ अर्थही नुसता उभा खांब. त्या मानानं मराठी बायबलातला ‘वधस्तंभ’ फार विचारानं योजलेला वाटतो. ‘क्रूस’ पोर्तुगीजांकडून आला, वसईत घरोघरी तोच.

– वधस्तंभाची अडचण वेगळी. त्यावर नेमकं काय केलं ते शब्दात येत नाही, क्रियापद जोडावंच लागतं. इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोमच्या काम्पो दे फ्योरी चौकात खांबाला बांधून जिवंत जाळलं. त्याला ‘सुळावर जाळलं’ असं मी छापील मजकुरात वाचलंय! इंग्रजीत सूळ आणि जाळायचा खांब, दोन्हीला ‘स्टेक’ हा एकच शब्द, म्हणून हा घोळ.

– ठरलं, ‘क्रुसावर ठोकलं’ लिहिते. जाता जाता, ‘सुळावरची पोळी’ यातला सूळ हाच ना?

– हाच. पोळी टोकाशी ठेवलेली, हात घालणाऱ्यानं जिवावर उदार व्हायचं. ती मात्र क्रुसावर नेऊ नका!