घरच्या घरी व्यायाम: जोर कसे वाढवावेत?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): माझे वय ४६ आहे. जमिनीवर जेमतेम ३ जोर निघतात आणि चौथ्याला कंबर लोंबते. रोज संख्या वाढवत जावे का?

उत्तर (पंचवटी): रोज नको. आधी भिंतीला, मग ओट्याच्या कडेला हात टेकवून जोर काढावेत, आणि १२ जोरांच्या ३ फेऱ्या कंबर न लोंबता होऊ लागल्यावरच हातांची उंची कमी करावी, कारण उंची जितकी जास्त तितका हातांवर भार कमी येतो. मध्ये एक दिवस विश्रांती हवीच.

उत्तर (गंगापूर रोड): ओटा कोरडा असावा, हे दुखावलेल्या मनगटाचा अनुभव घेऊन सांगतो. पायांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी. ती सोपी वाटू लागली की पांडवलेण्यांच्या पायऱ्या आहेतच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज ओट्यावर ८ निघाले.