मदत हवी आहे: त्या गेमची धून नेमकी कुणाची? लवकर सांगा

खानापूरकर:
शाळेच्या गॅदरिंगला पोरींची लेझीम त्या गेमच्या धूनवर बसवूलालोय. आता सर म्हणतात ती कंपनीची आहे, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की उडवतील. दुसरे म्हणतात जुनं लोकगीत आहे. खरं काय? शुक्रवारी कार्यक्रम आहे.

निपाणीवाला:
कुठला गेम ते सांगा की आधी. मारिओ असेल तर विसरा. कोजी कोंदो यांची १९८५ ची चाल, कंपनीचीच.

खानापूरकर:
मारिओ नव्हे हो. वरनं ठोकळे पडतात तो.

टिळकवाडी_७:
मग टेट्रिस. ती बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची आहे. त्याच्या फ्रेंच सुइट क्रमांक ३ मधला मिन्युएट, म्हणजे नाचाची चाल, क्लासला वाजवलाय मी.

पेटीवाला_चिकोडी:
बाखची ती ‘सी’ धून. १९८९ च्या गेमबॉयवर, म्हणजे हातात धरायच्या गेमयंत्रावर, टेट्रिसमध्ये तीन धून होत्या. ‘बी’ हिरोकाझू तानाका यांची स्वतःची, आणि सगळ्यांच्या तोंडी आहे ती ‘ए’ म्हणजे रशियन लोकगीत, कोरोबेइनिकी. शब्द नेक्रासोव्ह यांच्या १८६१ च्या कवितेतले. फिरता विक्रेता, त्याच्या पेटाऱ्यात चीट न् किनखाप, आणि कात्या नावाची मुलगी.

टिळकवाडी_७:
चुलतभावाच्या गेमबॉयवर मिन्युएटच वाजायचा, मला पक्कं आठवतंय.

पेटीवाला_चिकोडी:
वाजला असेल की, धून निवडता यायची. जपानच्या पहिल्या आवृत्तीत तर ‘ए’ च्या जागीही मिन्युएटच होता, कोरोबेइनिकी मागनं आली.

शहापूर_गेमर:
मोबाईलवर एम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारं ॲप टाका, कॅसेटवाले बरेच गेम चालतात. सेटिंगमध्ये बटणं मोठी करून घ्या.

निपाणीवाला:
गेम कोण मागतंय इथं? आणि लेझीमला रशियन गाणं कशाला? हलगी लावा, पोरींचे पाय आपोआप उचलतात.

पेटीवाला_चिकोडी:
नाचाला ही चालही चालते. १९९२ ला ब्रिटिश संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांनी ‘डॉक्टर स्पिन’ नावानं तिचं डान्सचं गाणं केलं, ब्रिटनच्या हिट गाण्यांच्या यादीत सहाव्या नंबरपर्यंत गेलं.
खानापूरकर, मूळ चाल लोकांची, तिच्यावर कुणाची मालकी नाही. तानाकांनी गेमसाठी केलेली मांडणी आणि गेममधला आवाज मात्र कंपनीचा. म्हणून गेममधलं रेकॉर्डिंग लावू नका, तुम्हीच वाजवा. पांढरी सहाचा सा धरा:
प रे ग म ग रे सा, सा ग प म ग रे, ग म प ग सा सा.
गंधार कोमल. पुढची ओळ: म ध सां नी ध प, ग प म ग रे. ध, नी पण कोमल.

खानापूरकर:
वाजवून बघितलं, तीच आहे! पेटी नाही, कॅसिओ आहे. लय किती ठेवू? पोरी सातवीच्या आहेत.

पेटीवाला_चिकोडी:
संथ सुरू करा, मग वाढवत न्या. रशियातही हे गाणं बऱ्याचदा असंच चढवत नेतात. पण तिसऱ्यांदा धून आली की थांबा, त्यापुढं सातवीच्या पोरींचे हात आणि पाय जुळत नाहीत.

निपाणीवाला:
शाळा कुठली? हलगीवाला आमच्या गल्लीत आहे, शुक्रवारी मोकळा आहे. विचारू का?