मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पीएफ काढावा, लग्नाच्या ठेवी मोडाव्यात की कर्ज घ्यावे?

धागाकर्ती (जळगाव):
नमस्कार. आमची मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे आहे. धाकटा मुलगा आठवीत आहे. यजमान ५२ वर्षांचे असून खाजगी कंपनीतून ५८ व्या वर्षी निवृत्त होतील. त्यांचा पगार आणि माझे शिवणकाम मिळून वर्षाचे उत्पन्न सव्वासात लाखांच्या आसपास जाते. आम्ही ओबीसी प्रवर्गातले आहोत. पीएफमध्ये १४ लाख आहेत, मुलीच्या लग्नासाठी म्हणून केलेल्या ५ लाखांच्या ठेवी आहेत आणि गावाकडे एक प्लॉट आहे. मुलीच्या मनात पुण्याचे एक खाजगी विद्यापीठ असून तिथे चार वर्षांचे नुसते शुल्कच १६ लाख होते. यजमानांचे म्हणणे असे, की पोरीचे शिक्षण आधी, पीएफ काढून टाकू. सासूबाई सांगतात, काहीही करा पण लग्नाच्या पैशाला हात लावू नका. मला मात्र मुलाचीही चिंता वाटते. कोणता पैसा आधी वापरावा आणि कोणता अजिबात वापरू नये, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (बँकेतून निवृत्त, नाशिक):
ताई, आधी वयांचा हिशोब कागदावर मांडा, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. मुलीची चार वर्षे संपतील तेव्हा यजमान ५७ च्या आसपास असतील, आणि ते निवृत्त होतील त्याच सुमारास मुलाच्या कॉलेजची पहिली-दुसरी वर्षे चालू असतील. म्हणजे पगार थांबतो त्याच वेळी दुसरे शुल्क भरायचे असते. पीएफमधून शिक्षणासाठी काही रक्कम काढण्याची सोय आहे, पण सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. सध्याचा ८.२५ टक्के दर कायम राहिला, तर आजचे १४ लाख नवी भर न घालताही सहा वर्षांत साडेबावीस लाखांच्या घरात जातात. शिक्षणासाठी बँक कर्ज देते. म्हातारपणाच्या खर्चासाठी तसे कर्ज कोणी देत नाही. म्हणून पीएफला हात लावू नये, हे माझे ठाम मत आहे.

कर्जाचाही विचार याच वयांच्या आधारे करावा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, म्हणजे तुमच्या घरी नेमके निवृत्तीच्या वर्षी. कर्ज मुलीच्या नावावर असले तरी सहकर्जदार म्हणून सही आईवडिलांची असते. दर वर्षी ४ लाख उचलले, १० टक्के व्याज धरले आणि शिकत असताना व्याज भरले नाही, तर १६ लाखांचे साडेएकवीस लाखांच्या वर जातात आणि दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे २८,५०० रुपये बसतो. नव्या नोकरीच्या पगारातून तो जाईल का, हे मुलीसमोर बसून बोला. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, तेव्हा प्लॉटही अडकेल.

प्रतिसाद (इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यालयात नोकरी, छत्रपती संभाजीनगर):
कर्जाच्या आधी एक मोठी गोष्ट पाहा. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला, अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना ही माफी लागू नाही. तुम्ही सांगितलेले पुण्याचे विद्यापीठ बहुधा याच शेवटच्या गटात मोडते. म्हणजे एकाच मुलीसाठी एका ठिकाणी १६ लाख, तर दुसऱ्या ठिकाणी वसतिगृह, मेस आणि इतर शुल्के एवढाच खर्च, असा हा फरक आहे.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मागे आत्ताच लागा. प्रवेशाच्या तोंडावर वैधता न मिळाल्याने हक्काची जागा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत आणि ते बघवत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शुल्कमाफीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

प्रतिसाद (पालक, कोल्हापूर):
थोडा वेगळा विचार मांडतो. केवळ शुल्क माफ आहे म्हणून मिळेल त्या कॉलेजात मुलीला घालू नये. ज्या कॉलेजात शाखेला प्राध्यापक पुरेसे नाहीत आणि कंपन्या फिरकत नाहीत, तिथली चार वर्षे फुकट असूनही महाग पडतात.

प्रतिसाद (बँकेतून निवृत्त, नाशिक):
दादा, हे मान्य आहे, पण म्हणूनच सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, गुण महत्त्वाचे. कॅपमध्ये पुण्यातील सीओईपीपासून सांगलीच्या वालचंदपर्यंत जुनी, नावाजलेली महाविद्यालये आहेत. पुढच्या काही महिन्यांत हाताशी जो पैसा आहे तो सीईटीच्या चांगल्या तयारीवर घालावा; १६ लाखांच्या तुलनेत तो खर्च फारच थोडा आहे. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही आहे. यादीतल्या संस्थांसाठी तारण न घेता कर्ज मिळते आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात ३ टक्के सवलत असते. मात्र इतर सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना ती व्याजसवलत मिळत नाही.

धागाकर्ती (जळगाव):
मनापासून आभार. शुल्क माफ झाले, तरी वसतिगृह आणि मेसचा वर्षाला लाख-सव्वा लाख खर्च राहीलच. तो कुठून करावा?

प्रतिसाद (दोन मुलींची आई, पुणे):
ताई, त्यासाठी लग्नाच्या ठेवी वापरा. सासूबाईंना विश्वासात घेऊन सांगा, की हा पैसा तिच्यासाठीच ठेवला होता आणि तिच्यासाठीच खर्च होतो आहे. लग्न कधी होईल आणि कसे करायचे ते ती कमावती झाल्यावर ठरवेल; वसतिगृहाचे पैसे मात्र प्रवेशाच्या वेळीच भरावे लागतात. सगळ्या ठेवी एकदम मोडू नका, दर वर्षी लागेल तेवढीच मोडा. कमी पडले तर चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. तेवढा हप्ता मुलगी सहज फेडेल. मुलींची ही शुल्कमाफी मुलाला मिळणार नाही, म्हणून प्लॉट आज विकू नका, तो त्याच्या वेळेसाठी राहू द्या. आणि आजपासून दरमहा दोन-तीन हजार का होईना, त्याच्या नावाने वेगळे काढायला लागा.