राष्ट्रभाषेचा महिना आणि घरची भाषा : सेबूच्या एका विद्यार्थिनीच्या निबंधावरून चर्चा

सेबूकरीण (धागाकर्ती)

गेली सतरा वर्षे मी फिलिपिन्समधल्या सेबू शहरात राहते. यजमान इथलेच आहेत आणि मुलगी नववीत शिकते. इथल्या शाळांमध्ये ऑगस्ट हा ‘बुवान नांग विका’, म्हणजे राष्ट्रभाषेचा महिना म्हणून पाळतात. त्यानिमित्त वर्गात ‘माझी शाळा, माझा वारसा’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मुलीने लिहिलेले वाचून मी थोडी अस्वस्थ झाले, म्हणून तिच्या परवानगीने त्याचा आशय इथे मांडते.

ती म्हणते की शाळेत घंटा झाली की तास बदलतो आणि त्याबरोबर भाषाही बदलते. गणित आणि विज्ञान इंग्रजीत असते, समाजशास्त्र फिलिपिनोत (मनिलाकडच्या टागालोगवर उभी असलेली राष्ट्रभाषा), आणि मधल्या सुट्टीत सगळ्या जणी सेबुआनोत बोलतात, जिला इथे कोणीही बिसायाच म्हणते. सकाळी ध्वजवंदनानंतर देशप्रेमाची प्रतिज्ञा होते. २०२३ साली शिक्षण खात्याने या प्रतिज्ञेतला ‘प्रार्थना करतो’ या अर्थाचा एक शब्द बदलला. आधीचा ‘नागदारासाल’ मुळात स्पॅनिशवरून आलेला, म्हणून त्याच्या जागी अस्सल टागालोग ‘नानानालांगिन’ आला. बाईंनी वर्गात सांगितले की आता प्रतिज्ञा खऱ्या अर्थाने आपली झाली. मुलीने त्यावर एवढेच लिहिले आहे की माझी आजी रोज संध्याकाळी प्रार्थना करते, पण ती या दोन्ही शब्दांनी करत नाही, कारण आमच्याकडे प्रार्थनेला ‘आम्पो’ म्हणतात.

मला तिचे म्हणणे पटते. ऑगस्टमध्ये बारोंग (पुरुषांचे पारंपरिक सदरे) आणि फुलपाखरी बाह्यांचे पारंपरिक झगे भाड्याने आणायचे, समूहपठण करायचे, भित्तिचित्रे रंगवायची, ‘लाकान आणि लाकांबिनी’ या नावाने एक देखणा मुलगा आणि एक देखणी मुलगी निवडायची आणि एक सप्टेंबरला सगळे गुंडाळून ठेवायचे. त्यातून बिसाया मुलाच्या पदरात पडते ती दुसऱ्या प्रांताच्या मातृभाषेची शोभायात्रा. राष्ट्रगीताचा सेबुआनो अनुवाद उपलब्ध आहे, परंतु १९९८ च्या ध्वजविषयक कायद्यानुसार राष्ट्रगीत राष्ट्रभाषेतच म्हणावे लागते. पहिल्या तीन इयत्तांमध्ये मातृभाषेतून शिकवण्याची जी सक्ती २०१३ च्या कायद्याने आली होती, तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये उठवण्यात आली. अशा वेळी भाषेचा महिना साजरा करण्यात कितीसा अर्थ उरतो, असा माझा प्रश्न आहे.

दावावची विद्यार्थिनी

ताई, निबंध आवडला, पण तुमचा निष्कर्ष मान्य नाही. मी मूळची साताऱ्याची असून वैद्यकीय शिक्षणासाठी चार वर्षे दावावला आहे. हे शहर वस्तीला आलेल्यांचे आहे. इथे बिसाया बोलणारे बहुसंख्य असले तरी माझ्या वॉर्डात इलोंगो, मारानाव आणि टागालोग बोलणारे रुग्णही येतात. डॉक्टर आणि मारानाव आजीबाई यांचा संवाद होतो तो फिलिपिनोत. ती भाषा काढून घेतली तर मधे इंग्रजी येईल, आणि इंग्रजी कोणाला येते, तर ज्याच्या बापाला चांगल्या शाळेची फी परवडली त्याला. साडेसात हजारांहून अधिक बेटे आणि शंभराहून जास्त भाषा असलेल्या देशाने एका सामाईक भाषेसाठी वर्षातला एक महिना काढला, तर त्यात अन्याय कसला?

२०२४ च्या कायद्याबद्दलही तुम्ही अर्धेच सांगितले. वर्गातली सगळी मुले एकाच मातृभाषेची असतील, तर त्या भाषेतून शिकवण्याचा पर्याय त्या कायद्याने शाळांना ठेवलेला आहे. सेबूतल्या कितीतरी वर्गांना तो लागू पडू शकतो. शाळा तो घेत नसतील, तर तो दोष ऑगस्टच्या माथी मारू नये.

धुळ्याचा मास्तर

मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. फिलिपिन्स मी पाहिलेला नाही, पण ‘आम्पो’चा प्रसंग वाचला आणि माझा वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. सत्तावीस फेब्रुवारीला आम्ही फेटे बांधून मराठी भाषा गौरव दिन साजरा करायचो, आणि पहिलीतल्या पोराने अहिराणीत उत्तर दिले की ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावायचो. दटावणारा मीच असायचो. त्या पोराने पुढे वर्गात बोलणेच कमी केले. म्हणून या मुलीचे लिहिणे ‘दुसरी बाजू’ म्हणून बाजूला सारू नये, एवढीच विनंती आहे.

जुनी बखर

मास्तरांचा प्रामाणिकपणा मोठा आहे, तरीही मूळ धाग्यातले ‘दुसऱ्या प्रांताची शोभायात्रा’ हे शब्द इतिहासाला धरून नाहीत. राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टागालोगची शिफारस ज्या संस्थेने केली, तिचे अध्यक्ष हाइमे दे वेय्रा हे लेइते बेटावरचे, म्हणजे स्वतः विसाया प्रदेशातले, तुमच्या सेबूच्याच भागातले होते. त्या शिफारशीवर ३० डिसेंबर १९३७ रोजी अध्यक्ष मानुएल केसोन यांनी शिक्कामोर्तब केले. हा राष्ट्रनायक, कादंबरीकार होसे रिसालच्या हौतात्म्याचा दिवस आहे, हे वेगळे सांगायला नको. पुढे १९४६ मध्ये भाषेचा सप्ताह पाळण्याची घोषणा करणारे अध्यक्ष सेर्हियो ओस्मेन्या तर तुमच्या सेबू शहरातच जन्मले होते. ही भाषा मनिलाने लादली, असे म्हणताना या दोघांना कुठे बसवायचे?

दिनविशेषांबाबतही एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो पहिला सप्ताह मार्चअखेरीस सुरू होऊन कवी बालाग्तास यांच्या जन्मदिनी, दोन एप्रिलला संपत असे. त्या सुमारास शाळांना सुट्टी लागलेली असल्यामुळे तो साजरा करायला मुलेच नसत. १९५५ मध्ये अध्यक्ष मागसायसाय यांनी तो उचलून ऑगस्टमध्ये, केसोन यांच्या १९ तारखेच्या जन्मदिनाला जोडून नेला, आणि १९९७ मध्ये अध्यक्ष रामोस यांनी त्याचा महिना केला. स्वातंत्र्यदिन सुद्धा पूर्वी चार जुलैला होता. १९६२ पासून तो बारा जूनला पाळतात, कारण मनिलाजवळच्या कावित गावात १८९८ साली स्वातंत्र्य जाहीर झाले ते त्या दिवशी. थोडक्यात, हे दिवस माणसांनी ठरवलेले आहेत आणि गरजेप्रमाणे हलवलेले आहेत. तेव्हा ‘अर्थ काय’ असे विचारण्यापेक्षा त्या महिन्यात काय बसवायचे, याची मागणी करावी.

आणि सगळेच काही फेट्यांचे आणि झग्यांचे नाही. १९५६ च्या कायद्याने रिसालचे जीवन आणि लेखन शिकवणे सर्व शाळा-महाविद्यालयांना बंधनकारक केले, तेही कॅथलिक बिशपांचा कडवा विरोध मोडून. तुमची मुलगी नववीत आहे, म्हणजे या वर्षी ती ‘नोली मे तांगेरे’ वाचत असणार, आणि पुढच्या वर्षी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’. सलग दोन वर्षे दोन कादंबऱ्या! आपल्याकडे शाळेत एक कादंबरी संपूर्ण वाचलेला विद्यार्थी मला दाखवा.

सेबूकरीण

ओस्मेन्या आणि दे वेय्रा यांचा मुद्दा मान्य करते. ‘शोभायात्रा’ हा शब्द रागाच्या भरात लिहिला गेला. परंतु विसाया नेत्यांनी संमती दिली म्हणून आजच्या विसाया मुलाची अडचण नाहीशी होत नाही. आमच्या शहरातलेच उदाहरण देते. पलीकडच्या माक्तान बेटावर २७ एप्रिल १५२१ रोजी तिथला सरदार लापुलापु याच्या माणसांनी स्पेनच्या वतीने आलेला दर्यावर्दी मॅगेलन याला मारले. आज तिथे लापुलापुचा पुतळा उभा आहे आणि त्याच आवारात मॅगेलनचे १८६६ सालचे स्मारकही आहे. त्याच मॅगेलनने राजा हुमाबोनच्या राणीला दिलेली बाळ येशूची मूर्ती शहराची आराध्य मूर्ती झाली आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तिच्यासाठी सगळे शहर सिनुलोग नाचते. या गुंतागुंतीबद्दल मुलगी घरी तासभर बोलते, पण ती बोलते सेबुआनोत. ऑगस्टमध्ये हेच फिलिपिनोत लिहायची वेळ आली की चार पाठ केलेली वाक्ये कागदावर उतरतात. रिसालची गोष्ट मात्र खरी आहे. ‘नोली’ तिला मनापासून आवडली आहे.

जुनी बखर

त्याचे एक कारण मला असे वाटते की रिसालने ती स्पॅनिशमध्ये लिहिली. टागालोग मूलही ती अनुवादातूनच वाचते, त्यामुळे त्या तासाला सगळी मुले सारख्याच अंतरावर बसलेली असतात.

मनिलातला लेखापाल

बाकी सारे भाषेबद्दल बोलत आहेत, मला खर्चाबद्दल आणि सरकारबद्दल बोलायचे आहे. दोन मुलांचे पोशाख, पुढे ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्र दिनासाठी कुठल्यातरी परक्या देशाचा वेष (एकदा आमच्या धाकट्याच्या वाट्याला भारत आला आणि आमची चंगळ झाली), असे करत वर्षभर आई-बापांचे खिसे हलके होतात. ज्यांच्याकडे पैसे नसतात त्यांची मुले त्या दिवशी घरी राहतात, हे मी शेजारी पाहिले आहे.

सरकारी यादीवर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहेच. १९८६ च्या एद्सा लोकक्रांतीचा पंचवीस फेब्रुवारी हा दिवस २०२४ च्या सुट्ट्यांच्या यादीत नव्हता, आणि २०२५ मध्ये तो कामकाजाचा दिवस ठरवला गेला. ज्या मार्कोस यांची सत्ता त्या क्रांतीने उलथवली, त्यांचेच चिरंजीव आज अध्यक्ष आहेत, त्यामुळे फार नवल वाटले नाही. पण त्या दिवशी काही खासगी शाळा-विद्यापीठांनी स्वतःहून वर्ग बंद ठेवले. मला विचाराल तर त्या वर्षीचा खरा दिनविशेष तोच होता.

दावावची विद्यार्थिनी

लेखापालकाका, खर्चाचा मुद्दा मान्य. पण एद्साचे उदाहरण ताईंच्या विरोधात जाते, कारण त्या दिवशी जे घडले ते शाळांनी ठरवल्यामुळे घडले. मग सेबूतल्या शाळांनी ऑगस्टमध्ये सेबुआनोला जागा द्यायचे ठरवले तर त्यांना कोण अडवते? संविधानाने प्रादेशिक भाषांना त्यांच्या प्रदेशात साहाय्यक राजभाषा म्हटलेले आहे. तुम्ही शाळेत जाऊन विचारले आहे का?

सेबूकरीण

विचारले नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचून काल गेले. बालाग्तासान, म्हणजे पद्यातला वादविवाद, या वर्षी दोन मुलींमध्ये आहे आणि त्यातली एक आमची. बाई आधी म्हणाल्या की नियमात बसत नाही. नंतर म्हणाल्या की स्पर्धेचा निकाल लागल्यावर, परीक्षकांना गुण द्यावे लागणार नाहीत अशा वेळी, पाच मिनिटे सेबुआनोत चालेल. मुलीने अट ऐकली आणि समोरची बाजू कोण घेणार ते ठरवायला लगेच मैत्रिणीला फोन लावला. गुण मिळणार नाहीत याचे तिला काही वाटले नाही. मला मात्र वाटले, आणि ते मी बाईंना सांगून आले.